पद्मिनी तापली की बंद पडते: करंट जातोय की पेट्रोल?

खंबाटकीवाला (पुणे)

मंडळी, मदत हवी आहे. वडिलांनी १९७८ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी अजून आमच्या दारात आहे आणि चालती आहे. १०८९ सीसीचं मूळ इंजिन, पॉइंटचं (उघडमीट करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्काचं) इग्निशन, सोलेक्सचा कार्बोरेटर, चार्जिंगला डायनॅमो. यातलं काहीच बदललेलं नाही.

सकाळी थंड गाडी अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते. वीस-पंचवीस मिनिटं कसलाही त्रास नाही. इंजिन पूर्ण तापलं की आधी एखाद-दुसरा आचका, मग सलग मिसिंग आणि मग एकदम बंद. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की काही झालंच नव्हतं अशी चालू होते. टेम्परेचरचा काटा कधीच वर गेलेला नसतो. गेल्या आठवड्यात खंबाटकी घाटात ट्रकच्या रांगेत हेच झालं, तेव्हा आई मागे बसलेली होती. म्हणून आता हे टाळायचं नाही असं ठरवलंय.

आतापर्यंत कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला कपॅसिटर), पॉइंट आणि चारही प्लग नवे झाले. कार्बोरेटर उघडून साफ केला, पेट्रोल पंपाचा पडदा बदलला. मेकॅनिक म्हणतात व्हेपर लॉक आहे, म्हणजे तापून पेट्रोलची वाफ होते आणि नळीत अडकते, हल्लीच्या पेट्रोलवर हे होणारच. वायरमन म्हणतो अख्खं वायरिंग नवीन करून टाका. कारण कळल्याशिवाय मूळ वायरिंग उपसायला माझं मन तयार नाही. कुठून सुरुवात करू?

मांडवीकाठ (पणजी)

मेकॅनिकचं म्हणणं उडवून लावू नका. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनच्या अंगालाच बसवलेला, त्यामुळे ब्लॉकची उष्णता थेट त्याच्यात जाते. त्यात आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. चढावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, समोरून वारा नाही, अशा वेळी पंपात आणि नळीत वाफ धरणारच. माझ्याकडची फियाट एप्रिल-मे मध्ये चोर्ला घाटात असाच त्रास द्यायची. पंपावर ओला फडका टाकला की पाच-दहा मिनिटांत चालू. तुम्हीही करून बघा. फडक्याने चालू झाली तर व्हेपर लॉक नक्की.

सांगलीचा वायरमन

मांडवीकाठ, फडक्याचा उपाय खरा आहे, पण त्याने निदान होत नाही. फडका टाकून दहा मिनिटं थांबलात की तेवढ्यात कॉइल, डिस्ट्रिब्युटर (कॉइलचा करंट चारही प्लगना वाटणारा), वायरी सगळंच थंड होतं. गाडी चालू झाली ती कशामुळे, हे कळायला मार्गच राहत नाही.

खंबाटकीवाला दादा, तुमच्या वर्णनात एक गोष्ट महत्त्वाची आहे. पेट्रोल तुटत जातं तेव्हा गाडी हळूहळू दम सोडते. ताकद कमी होते, अ‍ॅक्सिलेटर दाबला की आणखी बसते. करंट जातो तेव्हा चावी फिरवल्यासारखं तुटतं. तुमचा आचका मला करंटचा वाटतो. पण वाटण्यावर आणखी एक पार्टही विकत घेऊ नका. गाडी बंद पडेल त्याच मिनिटाला, ती गरम असतानाच तपासायचं. थंड झाल्यावर गॅरेजमध्ये केलेली तपासणी अशा दोषात काही सांगत नाही. तुमच्या मेकॅनिकला दोष सापडला नाही याचं कारणही मला हेच दिसतं.

डिकीत एवढंच ठेवा: १२ व्होल्ट ५ वॉटचा साधा बल्ब होल्डरसकट, त्याला दोन लांब वायरी आणि टोकांना क्लिपा. शिवाय रबरी मुठीची पक्कड. मल्टिमीटर असला तर उत्तम.

गाडी बंद पडली की सुरक्षित बाजूला घ्या, हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा. कुठे पेट्रोल गळत नाही ना हे आधी बघा. मग डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतली मधली जाड वायर उपसा, पकडीत धरून तिचं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. कार्बोरेटरपासून लांब करा. टपटप आवाज करत निळी ठिणगी पडली तर कॉइलपर्यंत सगळं ठीक, पुढे टोपी, रोटर (टोपीखाली फिरणारा तुकडा), प्लगच्या वायरी बघायच्या किंवा मग पेट्रोलकडे वळायचं. ही वायर नुसती हवेत लटकत ठेवून सेल्फ मारू नका. विजेच्या त्या दाबाला बाहेर वाट मिळाली नाही तर तो कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडतो.

ठिणगी नसेल तर बल्बची एक क्लिप बॉडीला, दुसरी कॉइलच्या प्लसला. चावी चालू. बल्ब लागला नाही तर बॅटरी ते चावी ते कॉइल या वाटेत दोष. लागला तर तीच क्लिप कॉइलच्या मायनसला लावा, म्हणजे जिथून बारीक वायर डिस्ट्रिब्युटरला जाते तिथे, आणि पुन्हा सेल्फ. इथे खरी गंमत कळते. पॉइंट उघडला की बल्ब लागतो, मिटला की विझतो. म्हणजे बल्ब लुकलुकायला हवा. विझलेलाच राहिला तर पॉइंट उघडत नाहीत, किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट आहे, किंवा कॉइलची आतली तार तुटली. लागलेलाच राहिला तर करंटला पॉइंटमधून अर्थ, म्हणजे बॉडीकडे परतीची वाट, मिळत नाही.

तिन्ही ठिकाणी काय झालं ते इथे लिहा.

रत्नागिरीची मृदा

वायरमनदादा, बल्बच का? माझ्याकडे पेनासारखा एलईडी टेस्टर आहे, तो चालेल ना?

माझ्याकडेही पद्मिनीच आहे. पावसाळ्यात सकाळी टोपीच्या आत दव धरतं आणि चालूच होत नाही. टोपी काढून कोरड्या सुती कापडाने आतून पुसली की पहिल्या सेल्फला चालू. पण तो थंड गाडीचा त्रास, दादांचा उलटा आहे.

सांगलीचा वायरमन

ताई, एलईडीला नावापुरता करंट लागतो. दहा धाग्यांपैकी एकच धागा उरलेल्या वायरीतूनही तो झकास पेटतो आणि वायर चांगली आहे असं खोटं सांगतो. ५ वॉटच्या बल्बला जवळपास अर्धा अँपिअर लागतो. वायर आतून खराब असेल तर बल्ब मंद होतो. मल्टिमीटरचंही तसंच आहे. नुसते १२ व्होल्ट दिसले म्हणून खूश व्हायचं नाही, भार चालू असताना किती उरतात ते बघायचं.

तुमच्या टोपीबद्दल: पुसताना आत पितळी टोकांच्या मधे केसासारखी काळी रेघ आहे का ते उजेडात बघा. दमटपणात ठिणगी पृष्ठभागावरून सरकते आणि कार्बनची वाट तयार होते. एकदा ती रेघ उमटली की कितीही पुसा, टोपी बदलावीच लागते. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलंत तर प्लगच्या वायरींवर निळसर ठिणग्या फिरताना दिसतात. तशा दिसल्या तर वायरीही बदला.

काळीपिवळी (कुर्ला)

मी टॅक्सीच्या गॅरेजमध्ये या गाड्यांवर बरीच वर्षं काम केलंय. प्रीमियरचा कारखाना आमच्या कुर्ल्यातच होता, त्यामुळे इथल्या पोरांना पद्मिनीचं इंजिन घरच्यासारखं. आमच्याकडे गाडी गरम होऊन बंद पडली की हात आधी कंडेन्सरकडे जायचा आणि बहुतेक वेळा तोच निघायचा. आता अडचण वेगळी आहे. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदवली गेली होती, वीस वर्षांची मुदत संपून २०२३ ला ती रस्त्यावरून उतरली. टॅक्सी होत्या तोवर हे पार्ट रोज खपायचे, ताजा माल यायचा. आता डबा नवा दिसतो, आतला माल कसा आहे ते लावल्यावरच कळतं. म्हणून 'नवीन कंडेन्सर टाकलाय' याला मी पुरावा मानत नाही. जुना चालणारा कंडेन्सर कुणाकडे मिळाला तर तो जपून ठेवा.

रोटरचंही तेच. काही रोटर मधल्या रिव्हेटमधून खालच्या शाफ्टला गळतात. तपासायला सोपं: टोपी काढा, रोटर जागेवर ठेवा, मधली जाड वायर रोटरच्या पितळी पट्टीच्या वर काही मिलिमीटरवर धरा आणि सेल्फ मारा. रोटरवर ठिणगी पडली तर तो गळतोय. चांगल्या रोटरवर जवळजवळ काहीच पडत नाही, कारण करंटला खाली जायला वाटच नसते.

आणि नवे पॉइंट लावताना त्यांच्या तोंडावरचा तेलाचा थर पुसला होता का, हे विचारा. गंजू नयेत म्हणून कारखान्यात तो लावतात. तो राहिला तर पॉइंट काळे पडतात.

खंबाटकीवाला (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मुद्दाम दुपारच्या उन्हात कात्रज घाटाकडे गेलो, भाऊ सोबत होता. अपेक्षेप्रमाणे चढावर बंद पडली. वायरमनदादांनी सांगितलं त्याच क्रमाने गेलो.

मधल्या जाड वायरीतून ठिणगी नाही. एकही नाही. म्हणजे पेट्रोलचा प्रश्न तिथेच मिटला.

कॉइलच्या प्लसला बल्ब लख्ख. मायनसला बल्ब लागलेलाच राहिला, सेल्फ मारताना लुकलुकला नाही. पंचवीस मिनिटांनी गाडी थंड झाल्यावर तोच बल्ब तिथेच ठेवून सेल्फ मारला तर व्यवस्थित लुकलुकला आणि गाडी चालू झाली. पॉइंटचं अंतर फिलर गेजने ०.४५ मिलिमीटर आहे, पॉइंट स्वच्छ आहेत.

सांगलीचा वायरमन

शाब्बास. आता शोधायची जागा वीतभर उरली.

बघा, मायनसला बल्ब लागतो म्हणजे करंट कॉइलच्या आतून आरपार येतोय, कॉइल जिवंत आहे. कंडेन्सर शॉर्ट असता तर बल्ब विझलेला राहिला असता, त्यामुळे तोही या गुन्ह्यात नाही. राहिलं काय, तर कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या स्क्रूपर्यंतची वायर, त्या स्क्रूपासून आत पॉइंटपर्यंतची छोटी वायर, पॉइंट स्वतः, आणि पॉइंटच्या पाटीचा डिस्ट्रिब्युटरच्या अंगाशी असलेला अर्थ.

पुढच्या वेळी गरम बंद पडली की कॉइलकडून येणारी बारीक वायर डिस्ट्रिब्युटरच्या स्क्रूवरून सोडवा, चावी चालू ठेवून तिचं टोक इंजिनला टेकवा आणि उचला. उचलताना कॉइलच्या जाड वायरीतून ठिणगी पडली तर बाहेरची वायर ठीक, दोष डिस्ट्रिब्युटरच्या आत. कंडेन्सर वाटेतून बाहेर गेल्यामुळे ही ठिणगी बारीक पडेल, पण पडेल. मग ती वायर परत जोडून, टोपी काढून पॉइंट मिटलेले असताना आतली छोटी वायर बोटाने हलवा, बल्बकडे बघत.

माझा पहिला संशय त्या छोट्या वायरीवरच आहे. पॉइंट कितीदाही बदलले तरी ती जुनीच राहते. प्रत्येक वेळी ती वाकते, आतले तांब्याचे धागे एकेक करून तुटतात आणि वरचं आवरण मात्र अखंड दिसतं. उरलेल्या एक-दोन धाग्यांवर गाडी थंडीत चालते. तापलं की आवरण मऊ पडतं, टोकं एकमेकांपासून सुटतात आणि करंट तुटतो.

खंबाटकीवाला (पुणे)

सापडलं!

काल संध्याकाळी सिंहगड रोडला बंद पडली तेव्हा तुम्ही सांगितलेली परीक्षा केली. बाहेरची वायर टेकवून उचलली की ठिणगी येत होती. टोपी काढली, बल्ब लागलेला. आतली छोटी वायर नुसती बोटाने वर ढकलली आणि बल्ब विझला. सोडली की पुन्हा लागला. घरी आणून आवरण चिरलं तर आत एकच धागा जोडलेला, बाकीचे हिरवे होऊन तुटलेले.

नाना पेठेत दुकानदाराने पूर्ण डिस्ट्रिब्युटर घ्या म्हणून सांगितलं. मी घेतला नाही. बारीक धाग्यांची मऊ वायर, उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉन आवरणाची, तेवढी आणून दोन्ही टोकांना लग (जोडणीचं धातूचं टोक) बसवून लावली. आज त्याच घाटातून जाऊन आलो, मुद्दाम ट्रकच्या मागे राहून. एकही आचका नाही. आईला फोन करून सांगितलं.

पण तपासताना आणखी एक दिसलं, तेही विचारतो. इंजिन बंद, चावी चालू, पॉइंट मिटलेले. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी कॉइलच्या प्लसवर ठेवली तर ०.७ व्होल्ट. हेडलाइट लावले की २.१. हे बरोबर आहे का?

मांडवीकाठ (पणजी)

अभिनंदन! इथे करंटच होता हे स्पष्ट झालं. एप्रिलसाठी ओला फडका मात्र माझ्या डिकीत राहील. पंपाचा त्रास वेगळा आणि तोही खरा आहे. फरक ओळखायची परीक्षा आता सगळ्यांना मिळाली: मधल्या वायरीतून ठिणगी चांगली आणि तरी चालू होत नाही, मगच पंप.

सांगलीचा वायरमन

दादा, २.१ खूप झाले. दिवे बंद असताना अर्ध्या व्होल्टच्या आत आणि दिवे लावल्यावर फार न वाढणारं हवं. रात्री दिवे लावून सेल्फ मारताना बॅटरी दहाच्या आसपास येते. त्यातून दोन वजा केले तर कॉइलला आठच मिळतात. ठिणगी दुबळी होते आणि लोक कार्बोरेटर उघडायला घेतात.

दिवे लावल्यावर वाढतं म्हणजे दोष दिवे आणि कॉइल या दोघांच्या सामाईक वाटेत आहे. मीटरची एक पिन बॅटरीवरच राहू द्या, दुसरी एकेक पाऊल पुढे न्या: चावीच्या स्विचमध्ये येणारा लग, मग बाहेर जाणारा, मग कॉइल. ज्या दोन ठिकाणांच्या मधे आकडा उडी मारतो तिथे दोष. आकड्यांवरून हिशोबही जुळतो. ४५ वॉटचे दोन दिवे साडेसात अँपिअर घेतात, कॉइल पॉइंट मिटलेले असताना चारच्या आसपास. साडेअकरा अँपिअर गुणिले २.१ व्होल्ट, म्हणजे जवळपास २४ वॉट एकाच सांध्यात जळतायत. घरगुती सोल्डरिंग आयर्न एवढ्याच ताकदीची असते. तो सांधा हाताला गरम लागेल, आवरण तपकिरी झालेलं असेल.

काम करण्याआधी बॅटरीची मायनस सोडवा. जुन्या फियाटच्या रचनेत इग्निशन आणि चार्जिंगच्या वाटेत फ्यूज नसतो, तिथे पाना टेकला तर वायर पेटेपर्यंत काही तुटत नाही. आणि फ्यूजच्या पेटीतले ते बुलेटसारखे फ्यूजही काढून टोकं आणि पितळी पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासा. फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळलेला सापडला तर लगेच फेकून द्या, त्यानं गाड्या जळल्या आहेत.

काळीपिवळी (कुर्ला)

इंजिन ते बॉडी अर्थची पट्टीही बघा. इंजिन रबरावर बसलेलं, त्यामुळे सेल्फचा सगळा करंट त्या एका पट्टीतून परत येतो. मीटर इंजिनच्या लोखंडावर आणि बॅटरीच्या मायनसवर ठेवून सेल्फ मारा. अर्धा व्होल्टसुद्धा जास्त आहे.

नवा_पद्मिनीवाला (नाशिक)

धागा वाचतोय, खूप शिकायला मिळालं. एक विचारतो: पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक किट लावलं तर हे सगळं टळेल का? आणि डायनॅमो काढून मारुती ८०० चा अल्टरनेटर?

सांगलीचा वायरमन

किट चांगलं असतं, पॉइंट झिजण्याचा प्रश्न संपतो. पण सडक्या वायरीवर किट लावलं तर तेही बंद पडेल, आणि रस्त्यात पॉलिश पेपरने दुरुस्त होणार नाही. आधी वायरी ठीक करा. कॉइल घेताना मीटर लावून बघा: बॅलास्ट (कॉइलच्या आधीचा रेझिस्टर) नसलेल्या गाडीला प्रायमरी, म्हणजे कॉइलची प्लस-मायनसमधली गुंडाळी, सुमारे ३ ओहमची लागते. दुकानात चुकून दीड ओहमची दिली तर पॉइंटमधून आठ-नऊ अँपिअर जातात, पॉइंट थोड्याच दिवसांत जळतात आणि कॉइल हात लावू देत नाही इतकी तापते. कॉइलचा प्लस-मायनसही बघून जोडा. उलटा जोडला तरी गाडी चालते, पण प्लगला ठिणगी उडवायला जास्त दाब लागतो आणि भार आला की मिसिंग सुरू होतं.

अल्टरनेटर लावणारे पुष्कळ आहेत, रात्री फिरणं जास्त असेल तर लावा. डायनॅमो ठेवायचा असेल तर त्याची परीक्षा दुसऱ्या गाडीच्या पुस्तकातून उचलू नका. काहींची फील्ड (डायनॅमोतली चुंबकाची गुंडाळी) आतून अर्थ असते, काहींची चार्जिंगच्या रेग्युलेटरमधून. उलटी जोडणी केलीत तर रेग्युलेटर जळतो. आपल्याच गाडीचा नकाशा समोर ठेवूनच हात लावा.

खंबाटकीवाला (पुणे)

चावीच्या स्विचमागचाच लग निघाला. आवरण वितळून तपकिरी झालं होतं, बोटाने फिरत होता. वायर जळलेल्या भागापर्यंत कापून नवा लग दाबून वर सोल्डर केला. आता कॉइलपर्यंत दिवे बंद असताना ०.३ आणि लावल्यावर ०.५. इंजिनची अर्थ पट्टीही घासून घट्ट केली, सेल्फ मारताना ०.२. हेडलाइटसाठी बॅटरीवरून फ्यूजसकट वेगळी वायर आणि रिले लावतोय, म्हणजे चावीवरचा भार कमी होईल. मूळ वायरिंगला हात लावणार नाही, रिले काढला की सगळं पूर्ववत जोडता येईल असंच बसवतोय.

रत्नागिरीची मृदा

दादा, माझ्या डिस्ट्रिब्युटरमधली छोटी वायरही कडक झालीय. तुम्ही लावलेली किती जाडीची? आणि लांबी?

खंबाटकीवाला (पुणे)

ताई, जाडी पाऊण ते एक चौरस मिलिमीटर पुरते, पण धागे बारीक आणि पुष्कळ हवेत, घरगुती वायरिंगची एकेरी तार नको. लांबी जुनी काढून तिच्याइतकीच घ्या, अगदी किंचित सैल. जास्त ठेवली तर रोटरला घासते, कमी ठेवली तर ताणून पुन्हा तुटते. लग बसवल्यावर सोल्डर टोकापुरतीच ठेवा, वायरीत वर चढू देऊ नका, नाहीतर नेमकी तिथेच ती कडक होऊन तुटेल. स्क्रूजवळचे इन्सुलेशनचे वायसर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत बसवा, काढताना फोटो काढून ठेवा. त्यातला एक जरी चुकला तर वायर बॉडीला टेकते आणि गाडी अजिबात चालू होत नाही.